उशीर वर्षांचा, हिशेब उड्डाणांचा

सप्टेंबर २००४ मध्ये ब्रिटिश उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’ या कंपनीची घोषणा केली. सामान्य माणसाला अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सुखरूप परत आणायचे, असा बेत होता. तिकीट दोन लाख डॉलर ठेवले होते आणि पहिले प्रवासी २००७ पर्यंत निघतील, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात स्वतःच्या खिशातून तिकीट काढून वाट पाहत बसलेला पहिला प्रवासी या कंपनीच्या यानातून निघाला तो १० ऑगस्ट २०२३ रोजी. तीन वर्षांचे आश्वासन पुरे व्हायला जवळपास एकोणीस वर्षे लागली. त्यानंतर दहा महिन्यांतच, ८ जून २०२४ च्या उड्डाणानंतर, ते यान निवृत्त झाले. रांगेतली शेकडो माणसे पुन्हा नव्या यानाची वाट पाहू लागली.

अशा बातम्या वाचताना श्रीमंतांचा महागडा खेळ रखडला तर आपल्याला काय, असे वाटणे साहजिक आहे. पण या रखडण्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्यापैकी प्रत्येकासमोर कधी ना कधी येतो. नवी शस्त्रक्रिया, नवे औषध, नवे यंत्र आपल्या शरीरावर वापरले जाते तेव्हा ते ‘पुरेसे सुरक्षित’ आहे, हे कोण ठरवते आणि कशावरून? अवकाश पर्यटनाची वीस वर्षे या प्रश्नाचा चांगला धडा आहेत.

अवकाशात जाऊन येणे म्हणजे काय?

आधी या प्रवासाचे स्वरूप पाहू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात जाणारे यान पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग गाठते. उपकक्षीय उड्डाणात तसे काही नसते. जोरात वर फेकलेला दगड जसा टोकाला जाऊन खाली येतो, तसे हे यान ध्वनीच्या साधारण तिप्पट वेगाने वर जाते, ८० ते १०० किलोमीटर उंची गाठते आणि परत येते. माथ्यावर तीन-चार मिनिटे प्रवासी तरंगतात, काळे आकाश आणि पृथ्वीची वक्र कडा पाहतात. पृथ्वीचे वातावरण संपून अवकाश कुठे सुरू होते, यावर एकमत नाही. अमेरिकेत ८० किलोमीटरची रेषा धरतात, तर आंतरराष्ट्रीय पातळीवर बहुधा १०० किलोमीटरची.

व्हर्जिन गॅलॅक्टिकचे यान एका मोठ्या विमानाला टांगून साधारण १४ किलोमीटर उंचीवर नेतात. तिथे सोडल्यावर त्याचे रॉकेट सुमारे एक मिनिट पेटते आणि परतताना ते इंजिनाविना तरंगत धावपट्टीवर उतरते. ते चालवायला वैमानिक लागतात. जेफ बेझोस यांच्या ‘ब्लू ओरिजिन’ कंपनीचे ‘न्यू शेपर्ड’ मात्र सरळ उभे उडणारे रॉकेट आहे. त्याच्या टोकावरच्या कॅप्सूलमध्ये प्रवासी बसतात, वैमानिक नसतो आणि कॅप्सूल पॅराशूटने उतरते. निघण्यापासून उतरण्यापर्यंत सारे दहा-अकरा मिनिटांत आटोपते.

मूल म्हणजे लहान प्रौढ नव्हे

२००४ मध्ये हा आशावाद उगाच नव्हता. खासगी पैशातून माणसाला अवकाशात नेणाऱ्यांसाठी ‘एक्स प्राइझ’ हे एक कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. २१ जून २००४ रोजी माइक मेलव्हिल या वैमानिकाने ‘स्पेसशिपवन’ या छोट्या यानातून १०० किलोमीटरची रेषा ओलांडली. ४ ऑक्टोबरला ब्रायन बिनी यांनी ते यान ११२ किलोमीटरवर नेले आणि बक्षीस जिंकले. बर्ट रुटान यांच्या ‘स्केल्ड कंपोझिट्स’ कंपनीने ते बांधले होते. जे तीन आसनांच्या यानाला जमले ते दोन वैमानिक आणि सहा प्रवाशांच्या यानाला का जमणार नाही, असा हिशेब होता.

बालरोगशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात, की मूल म्हणजे प्रौढ माणसाची लहान आवृत्ती नव्हे. औषधाचा डोस नुसता वजनाच्या प्रमाणात कमी-जास्त करून भागत नाही, कारण यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांची कामाची पद्धतच वेगळी असते. रॉकेटचेही तसेच झाले. मोठे इंजिन म्हणजे लहान इंजिनाची वाढवलेली प्रत नव्हे. या यानाच्या इंजिनात घन रबर हे इंधन असते आणि ते जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन द्रवरूप नायट्रस ऑक्साइडमधून मिळतो. हाच वायू शस्त्रक्रियागृहात भूल देताना वापरतात. तो ‘हास्यवायू’ म्हणून लोकांना ठाऊक आहे. दवाखान्यातल्या निळ्या सिलिंडरमधला हा सौम्य वाटणारा वायू मोठ्या टाकीत, मोठ्या दाबाखाली वेगळाच वागू शकतो. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावे येथे नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची चाचणी सुरू होती. रॉकेट पेटवलेलेही नव्हते. तरी स्फोट झाला. तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि तीन जखमी झाले. पहिले प्रवासी जाणार होते त्याच वर्षी पहिले बळी गेले, आणि तेही जमिनीवर.

त्यानंतर इंजिनाचे काम मंदावले. नव्या यानाचे अनावरण डिसेंबर २००९ मध्ये झाले, पहिले रॉकेट-उड्डाण २९ एप्रिल २०१३ रोजी. २०१४ मध्ये रबर सोडून नायलॉनच्या जातीचे इंधन निवडले गेले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा रबराकडे परत यावे लागले. दरम्यान तिकीट अडीच लाख डॉलर झाले होते.

एका चुकीला किती कुलपे?

३१ ऑक्टोबर २०१४ रोजी हे यान आपल्या चौथ्या रॉकेट-उड्डाणासाठी निघाले. परतताना वेग आवरण्यासाठी त्याची शेपटी वर दुमडण्याची सोय होती. बॅडमिंटनचे फूल जसे आपोआप सरळ होऊन सावकाश खाली येते, तशी ही कल्पना. वर जाताना शेपटी कुलूपबंद ठेवायची आणि वेग ध्वनीच्या १.४ पट झाल्यावरच कुलूप काढायचे, असा नियम होता. सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांनी ते ०.८ पट वेगालाच काढले. त्या वेगात हवेच्या जोराने शेपटी आपोआप वर उचलली गेली आणि यानाचे तुकडे झाले. अल्सबरी यांचा मृत्यू झाला. दुसरे वैमानिक पीटर सीबोल्ड यानाबाहेर फेकले गेले. त्यांचे पॅराशूट आपोआप उघडले आणि जखमी अवस्थेत ते वाचले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जुलै २०१५ मध्ये निष्कर्ष दिला. तो प्रत्येक रुग्णालयाने भिंतीवर लावावा असा आहे. एका माणसाच्या एका चुकीमुळे सर्वनाश होऊ शकतो, ही शक्यता यान बांधणाऱ्या कंपनीने विचारात घेतली नव्हती आणि ती टाळण्याची सोयही केली नव्हती, असे मंडळाने म्हटले. दोष फक्त हात हलवणाऱ्यावर टाकून मंडळ थांबले नाही. परवाने देणाऱ्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, कामावरही त्याने बोट ठेवले. ठरलेल्या १२० दिवसांत अर्ज निकाली काढण्याच्या दडपणाखाली तांत्रिक छाननी कमी पडली, असे त्यात नमूद आहे.

वैद्यकशास्त्रही हे फार किंमत मोजून शिकले. पूर्वी भुलेच्या यंत्रावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडची नळी जोडली गेल्याने रुग्ण दगावत. ‘डॉक्टरांनी काळजी घ्यावी’ एवढे सांगून हे थांबले नाही. प्रत्येक वायूच्या सिलिंडरला वेगळ्या जागी खाचा आणि यंत्रावर त्याच जागी पिना बसवल्या, तेव्हा ती चूक फार दुर्मीळ झाली. ‘युनिटी’ नावाच्या पुढच्या यानातही शेवटी हेच केले. शेपटीचे कुलूप ठरलेल्या वेळेआधी उघडू नये म्हणून यांत्रिक अडसर बसवला. ‘युनिटी’ फेब्रुवारी २०१६ मध्ये जगासमोर आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये प्रथमच ८० किलोमीटरच्या वर गेले. या चार वर्षांच्या उशिरातून जे मिळाले, त्यात हा अडसर सर्वांत मोलाचा होता.

अडथळा प्रवाशाच्या शरीराचा नव्हता

या उशिराला प्रवाशांची तब्येत कारणीभूत असेल, असा एक समज आहे. पूर्वी अंतराळवीर निवडताना हजारोंतून मोजके निरोगी तरुण निवडले जात. मग साखर, रक्तदाब, बायपास झालेला साठीचा माणूस रॉकेटमध्ये टिकेल का?

याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत २० ते ७८ वर्षे वयाच्या ८६ स्वयंसेवकांना सेंट्रीफ्यूजमध्ये बसवण्यात आले. सेंट्रीफ्यूज म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला खोली बसवलेला भला मोठा फिरता पाळणा. त्यात गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट जोर शरीरावर देता येतो. स्वयंसेवकांत उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे विकार, पाठ-मानेची दुखणी असलेली माणसे मुद्दाम घेतली होती. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छातीकडून पाठीकडे सहापट आणि डोक्याकडून पायांकडे चारपटीपर्यंत जोर देण्यात आला. एकाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १९२ पर्यंत गेले, वरचा रक्तदाब २१७ पर्यंत नोंदला गेला. ६९ टक्के लोकांच्या डोळ्यांपुढे काही क्षण करडेपणा आला, २० टक्क्यांना मळमळले. पण गंभीर त्रास कोणालाही झाला नाही. आजार नीट आटोक्यात असेल तर बहुतेकांना हा जोर सोसतो, असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या दिवशीची चाचणी पाच जणांनी स्वतःहून सोडली. त्यातल्या तिघांचे कारण घबराट हे होते.

जोराची दिशा इथे महत्त्वाची आहे. डोक्याकडून पायांकडे जोर पडला तर रक्त पायांत साचते, मेंदूला कमी मिळते, आधी दृष्टी करडी होते आणि मग शुद्ध हरपते. छातीकडून पाठीकडे पडला तर श्वास घ्यायला जड जाते, पण मेंदूचा रक्तपुरवठा बराच टिकतो. म्हणून परतीच्या वेळी प्रवाशांची आसने मागे झुकवतात.

खरी चिंता नेहमीच्या प्रवासाची नसून बिघाडाची आहे. १५ किलोमीटर उंचीवर केबिनमधली हवा गेली तर माणूस जेमतेम दहा-बारा सेकंद भानावर राहतो. १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो, की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागते. ३० जून १९७१ रोजी सोव्हिएत ‘सोयूझ ११’ यान परतताना एक झडप उघडली, केबिनमधली हवा निघून गेली आणि तिन्ही अंतराळवीर दगावले. त्यांच्या अंगावर दाबरोधक पोशाख नव्हते. त्यानंतर सोयूझमध्ये असे पोशाख सक्तीचे झाले. आजच्या उपकक्षीय पर्यटकांच्या अंगावर असतो तो साधा उड्डाण-पोशाख. केबिनची भिंत हाच त्यांचा एकमेव पोशाख. ती भिंत किती भरवशाची आहे, यावर सारे अवलंबून राहते.

यान थांबले, वय थांबले नाही

यंत्राच्या वेळापत्रकाला उशीर होतो तेव्हा त्यात बसणाऱ्याचे वय मात्र वेळेवर वाढत राहते. १० ऑगस्ट २०२३ च्या उड्डाणातले जॉन गुडविन यांनी २००५ मध्ये तिकीट काढले होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी नौकास्पर्धेत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले होते. २००५ मध्ये ते साठीत होते. २०१४ मध्ये त्यांना पार्किन्सन म्हणजे कंपवात झाल्याचे निदान झाले. त्यानंतरही ते किलिमांजारो चढले आणि सायकलने उतरले. यानात बसले तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

कंपवात झालेल्या माणसाला अवकाशात पाठवताना डॉक्टर केवळ हाताची थरथर पाहत नाहीत. या आजारात बऱ्याच जणांची रक्तदाब सावरण्याची यंत्रणा मंदावते आणि उभे राहताना चक्कर येते. वजनरहित अवस्थेनंतर लगेच सहापट जोर पडणार असेल, तर ही यंत्रणा किती शाबूत आहे हे तपासणे भाग आहे. तरंगताना वेळेवर आसनाकडे येऊन पट्टा बांधता येईल का, हेही पाहावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर केबिनमध्ये डोके आपटणे महागात पडू शकते. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील तर दाब बदलताना ते फुटू शकतात. तिकीट काढताना यातले काही नसेल, पण वीस वर्षांत बरेच काही होऊ शकते. तपासणीचा कागद उड्डाणाच्या वेळचा असावा लागतो, आरक्षणाच्या वेळचा नव्हे.

ब्लू ओरिजिनच्या पहिल्या मानवी उड्डाणात, २० जुलै २०२१ रोजी, ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. १९६१ मध्ये अंतराळवीरांसाठीच्या वैद्यकीय चाचण्या त्या उत्तीर्ण झाल्या होत्या, पण स्त्रियांना तेव्हा संधी मिळाली नाही. मे २०२४ मध्ये गेलेले एड ड्वाइट ९० वर्षांचे होते. साठच्या दशकात ते अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर होण्याच्या वाटेवर होते, पण निवड झाली नाही. मूळचे आंध्र प्रदेशातील वैमानिक गोपी थोटाकुरा हेही ड्वाइट यांच्याच उड्डाणात होते. हे सारे सुखरूप परतले, यावरून वय हा मोठा अडसर नाही एवढे म्हणता येईल. यानाच्या भरवशाबद्दल मात्र त्यातून फार काही सिद्ध होत नाही.

सही कशावर करायची?

अमेरिकेने २००४ मध्ये या उद्योगासाठी खास कायदा केला. खाली जमिनीवर असलेल्या लोकांची सुरक्षितता एफएएने सांभाळावी, पण यानातल्या प्रवाशांच्या सुरक्षिततेचे नियम इतक्यात करू नयेत, असे त्यात ठरले. सुरुवातीलाच कडक नियम लादले तर उद्योग उभाच राहणार नाही, त्याला शिकायला वेळ द्यावा, ही भूमिका होती. या सवलतीला ‘शिकण्याचा काळ’ असे म्हणतात. प्रवाशाने मात्र लेखी संमती द्यायची. हे यान सुरक्षित असल्याचे सरकारने प्रमाणित केलेले नाही, हे त्याला लेखी सांगावे लागते. ज्ञात धोके सांगावे लागतात आणि अज्ञात धोकेही असू शकतात, हेसुद्धा. प्रवाशाची वैद्यकीय तपासणी कायद्याने सक्तीची नाही. ती कंपनी आपल्या निकषांवर करते.

शस्त्रक्रियेआधी आपण सही करतो तो कागद आणि हा कागद वरकरणी सारखेच दिसतात. फरक कागदाच्या मागच्या माहितीत आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची संमती घेताना सर्जनच्या मागे लाखो शस्त्रक्रियांचा अनुभव असतो. हजारात किती जणांना कोणता त्रास होतो, हे सांगता येते. अवकाशयानाच्या कागदावर असा आकडा लिहायला अनुभवच नाही. संमती प्रामाणिक असू शकते, पण ती अर्धवट माहितीवर दिलेली असते.

‘शिकण्याचा काळ’ मूळ कायद्यात आठ वर्षांचा होता, म्हणजे २०१२ पर्यंत. त्या आठ वर्षांत एकाही पर्यटकाने उपकक्षीय उड्डाण केले नाही. मग मुदत २०१५ पर्यंत वाढली, पुढे २०२३ पर्यंत, त्यानंतर छोट्या छोट्या वाढी मिळत मे २०२४ मध्ये ती १ जानेवारी २०२८ पर्यंत गेली. पैसे मोजून उपकक्षीय उड्डाणावर जाणारा पहिला प्रवासी, १८ वर्षांचा ऑलिव्हर डेमेन, निघाला २०२१ मध्ये. शिकण्याचा काळ वर्षांत मोजला गेला, शिकणे मात्र उड्डाणांतून होणार होते. सतरा वर्षे उलटून गेली तरी वही जवळपास कोरी होती. कोणी सर्जन पदवीला वीस वर्षे झाली असे सांगत असेल, पण शस्त्रक्रिया बाराच केल्या असतील, तर त्याचा अनुभव बारा शस्त्रक्रियांचाच धरावा लागेल.

तीनचा नियम

बारा हा आकडा उगाच घेतलेला नाही. डिसेंबर २०१८ ते जून २०२४ या काळात ‘युनिटी’ बरोबर बारा वेळा ८० किलोमीटरच्या वर गेले आणि प्रत्येक वेळी सुखरूप परतले. यावरून ते किती सुरक्षित होते असे म्हणता येईल?

औषधांच्या चाचण्यांत अशा प्रसंगी ‘तीनचा नियम’ वापरतात. एखादे औषध १,००० जणांना दिले आणि एकालाही गंभीर अपाय झाला नाही, तर धोका शून्य आहे असे म्हणता येत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की धोका ३ भागिले १,००० पेक्षा, म्हणजे हजारात तिघांपेक्षा जास्त नसावा. हाच नियम बारा उड्डाणांना लावला तर ३ भागिले १२, म्हणजे २५ टक्के येतात. याचा अर्थ चारातले एक उड्डाण कोसळले असते असा मुळीच नाही. इंजिनाच्या चाचण्या, संगणकीय गणिते, आधीचा अनुभव यांतून अभियंत्यांना बरेच काही ठाऊक असते. पण नुसत्या उड्डाणांच्या नोंदीवरून पाहिले तर बारा यशांनी एवढेच सिद्ध होते. प्रवासी विमान इतकी उड्डाणे दोन-तीन दिवसांत करते.

न्यू शेपर्डची नोंद थोडी मोठी आहे. २०२४ अखेरपर्यंत त्याची २८ उड्डाणे झाली. त्यांतली नऊ माणसांसह होती. १२ सप्टेंबर २०२२ रोजी माणसे नसलेल्या एका उड्डाणात इंजिनाचे मुख अपेक्षेपेक्षा जास्त तापून निकामी झाले. कॅप्सूलमधली सुटकेची यंत्रणा लगेच पेटली, कॅप्सूल दूर गेले आणि पॅराशूटने उतरले. रॉकेट नष्ट झाले. एफएएने २१ सुधारणा करायला लावल्या. पुढचे उड्डाण पंधरा महिन्यांनी आणि माणसांसह उड्डाण वीस महिन्यांनी झाले. कॅप्सूल अठ्ठावीसही वेळा सुखरूप उतरले, हे खरे. तीनच्या नियमाने तरीही वरची मर्यादा सुमारे ११ टक्के येते.

आशेने केलेले हिशेब आणि मोजून केलेले हिशेब यांत किती अंतर पडते, याचा दाखला स्पेस शटलने दिला. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ फुटल्यावर चौकशीत सहभागी झालेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी धोक्याबद्दल विचारणा केली. काम करणारे अभियंते शंभरात एक असे म्हणत होते, तर व्यवस्थापक लाखात एक. शटलची एकूण १३५ उड्डाणे झाली आणि त्यांतली दोन याने चौदा अंतराळवीरांसह नष्ट झाली. अभियंत्यांचा अंदाज सत्याच्या कितीतरी जवळ होता.

सगळा उशीर सारखा नसतो

म्हणजे जितका उशीर तितके चांगले, असे समजू नये. अपघातानंतर कारण शोधून कुलपाला अडसर बसवण्यात गेलेला वेळ सार्थकी लागतो. पैसे संपल्यामुळे, माणसे सोडून गेल्यामुळे किंवा तारखा आधीच अवास्तव दिल्यामुळे झालेल्या उशिरातून कोणतीही सुरक्षितता मिळत नाही. या क्षेत्रातल्या ‘एक्सकोर’ या कंपनीने ‘लिंक्स’ यानाची शेकडो तिकिटे विकली. २०१७ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि यान एकदाही उडाले नाही.

उशिराची झळ तिकीट न काढलेल्यांनाही बसते. न्यू मेक्सिको राज्याने वाळवंटात ‘स्पेसपोर्ट अमेरिका’ हा तळ उभारला. त्यासाठी वीस कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा लागला. जवळच्या दोन काउंटींतल्या मतदारांनी त्याकरिता आपल्या खरेदीवर वाढीव कर मान्य केला. ऑक्टोबर २०११ मध्ये वास्तूचे उद्घाटन थाटात झाले. तिथून माणसांना घेऊन अवकाशात जाणारे पहिले उड्डाण व्हायला मे २०२१ उजाडला.

शिवाय चुकलेली तारीख पुढच्या तारखेवर दडपण आणते. गुंतवणूकदार, ग्राहक, वृत्तवाहिन्या सारे विचारत राहतात. ११ जुलै २०२१ रोजी स्वतः ब्रॅन्सन यानात बसले. आंध्र प्रदेशातल्या गुंटूरला जन्मलेल्या शिरीषा बांदला याही त्यांच्यासोबत होत्या. जगभर कौतुक झाले. नंतर कळले, की उतरताना यान ठरवून दिलेल्या हवाई हद्दीबाहेर गेले होते. एफएएने उड्डाणे थांबवली आणि सप्टेंबरअखेर परवानगी दिली. त्यानंतर यान आणि त्याला वाहून नेणारे विमान यांच्या दुरुस्तीत वेळ गेला आणि पुढचे उड्डाण मे २०२३ मध्ये झाले. दरम्यान तिकीट साडेचार लाख डॉलर झाले होते.

म्हणून पुढची तारीख चुकल्याची बातमी आली, की दोन गोष्टी पाहाव्यात. कोणती चाचणी फसली आणि त्यावर यंत्रात काय बदल केला, हे कंपनीने सांगितले आहे का? आणि आतापर्यंत याच रचनेची किती उड्डाणे झाली? दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. व्हर्जिन गॅलॅक्टिक आता ‘डेल्टा’ नावाची नवी याने बांधत आहे. तीच यंत्रणा सुधारून घेतली असली, तरी रचना नवी आहे. ‘युनिटी’च्या बारा उड्डाणांतून शिकलेले कौशल्य कामी येईल, पण नोंदवही पुन्हा एकपासून सुरू होईल.

हेच दोन प्रश्न दवाखान्यातही उपयोगी पडतात. ‘नवीन तंत्राने करतो’ असे डॉक्टर म्हणाले, तर ते तंत्र कोणत्या साली आले याने फारसे काही कळत नाही. इथे, याच टीमने, असे किती रुग्ण केले आणि त्यांतल्या किती जणांना काय त्रास झाला, हे विचारायला रुग्णाने आणि नातेवाइकांनी संकोच करू नये. आकडा लहान असला म्हणून उपचार नाकारावाच असे नाही. कधी कधी दुसरा पर्यायही नसतो. मात्र तो आकडा माहीत असायला हवा आणि सही त्यानंतर करावी.